माय-लेकींचा एकच नंबर

सोलापूरला मी याआधी दोनदा गेले होते. दोन्ही वेळा लग्नाला, आणि दोन्ही वेळा भर मे महिन्यात. त्यामुळे सोलापूर म्हणजे ऊन आणि आहेरात आलेली चादर, यापलीकडे माझी मजल गेलेली नव्हती. आम्हा रत्नागिरीच्या माणसांना कोरड्या हवेचं एक भयच असतं. ओठ फुटले की वाटतं, आता काही खरं नाही. म्हणून जानेवारीत चार दिवस सोलापूर जिल्ह्यात, तेही मेंढ्यांच्या मागे, असं काम आलं तेव्हा घरच्यांनी मला दोनदा विचारून घेतलं की नक्की मेंढ्याच ना.

काम दुभाष्याचं होतं. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून मी इंग्रजी-मराठीची अशी कामं घेते. पाहुणी होती योआना, रुमानियाची, चाळिशीची, उंच, बोलायला मोजकी. युरोपातल्या एका तपासणी संस्थेची ती निरीक्षक. आणि तिला बोलावणारे होते शिवानंद, मूळचे अक्कलकोटचे. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत त्यांचा लहानसा कारखाना आहे. दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीच्या सतरंज्या ते करतात. युरोपातल्या एका मोठ्या दुकानाला त्या पसंत पडल्या होत्या, पण दुकानाची एक अट होती, आणि ती अट तपासायला योआना आली होती.

ती अट समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. युरोपीय संघात मेंढीच्या दोन्ही कानांत बिल्ले बसतात. दोन्हींवर एकच नंबर, आणि तो नंबर दुसऱ्या कुठल्याही मेंढीला द्यायचा नाही. हा कायदा त्यांच्या हद्दीतला. आपल्या मंगळवेढ्याच्या मेंढीला तो लागू नाही. पण दुकानदार म्हणतो, माझ्या गिऱ्हाइकाला ही लोकर कुठल्या कळपातली हे विचारायची सवय लागली आहे, तेव्हा माल विकायचा असेल तर तुम्हीही तसंच करा. ना फौज, ना हुकूम. नुसती सवय समुद्र ओलांडून येते आणि आपल्या अंगणात बसते.

मला हे नवीन नव्हतं. माझा चुलतभाऊ आंबा बाहेर पाठवतो. हल्ली तो कलमांवर फवारणी कमी करतो आणि तिची नोंद जास्त. नाकाने कांदे सोलणारे लोक, असं तो युरोपला म्हणतो आणि संध्याकाळी मुकाट्याने वही भरायला बसतो.

चिंचोळी

कारखान्यात पहिला दिवस गेला. योआना सगळं पाहून घेत होती: आगीच्या वेळी बाहेर पडायचा दरवाजा, रंगाचे डबे, कामगारांची हजेरी. शिवानंद तिच्या मागे मागे, मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांमागे बापाने फिरावं तसे फिरत होते. दुपारी डबे उघडले. योआनाने कडक भाकरी उचलून मोडली आणि तिला ती इतकी आवडली की तीन संपवल्या. मग शेंगाचटणीचा चमचा तिने नुसताच तोंडात घातला. आम्ही अडवेपर्यंत उशीर झाला होता. ती रडली, पाणी प्यायली, आणि पुन्हा चटणी घेतली, या वेळी दह्यात. इथेच ती मला आवडायला लागली.

खरी गोष्ट शिवानंदनी जेवताना सांगितली. दख्खनी लोकरीला आता कोणी विचारत नाही. धनगर मेंढ्या कातरतात, कारण कातरल्या नाहीत तर जनावराला त्रास होतो, आणि लोकर बांधाला टाकून देतात. शिवानंद पहिल्यांदा ज्या कळपाची लोकर घेणार होते तो विठाबाईंचा. साठीच्या बाई, नवरा गेलेला, मुलगा बिरू तिशीचा. बिरूने आईला सांगून ठेवलं होतं की या साली लोकर गेली तर कळप ठेवू. नाही गेली तर मेंढरं विकून तो चिंचोळीत कामाला लागणार. त्याने शिवानंदकडे कामाचं विचारूनही ठेवलं होतं.

“म्हणजे मॅडम, कळप पास झाला तर मला लोकर मिळणार, नापास झाला तर कामगार मिळणार,” शिवानंद म्हणाले. “पण मला लोकर पाहिजे हो.”

मी हे सगळं योआनाला इंग्रजीत सांगितलं. तिने दह्याची वाटी पुसून घेतली.

अक्कलकोट

दुसऱ्या दिवशी शिवानंद आम्हाला अक्कलकोटला घेऊन गेले, मठात दर्शनाला आणि मग आईच्या हातचं जेवायला. घरात आई मुलाशी कानडीत, माझ्याशी मराठीत आणि योआनाशी दोन्ही मिसळून बोलत होत्या. आमच्या कोकणात माणूस एका भाषेत भांडतो आणि त्याच भाषेत समेट करतो. इथे भाजी कानडीत मागतात, पोळी मराठीत, आणि कोणाला त्यात काही विशेष वाटत नाही.

योआनाने त्यांना विचारलं की दोन्हीकडच्या चालीरीती सांभाळताना कटकट होत नाही का. आईंनी तिच्या पानात शेंगापोळी वाढली, वर तूप सोडलं आणि म्हणाल्या की ज्याच्या पंगतीला बसायचं त्याच्या रीतीने जेवायचं, पण हात आपला असतो. मी भाषांतर केलं. योआनाने वहीत काहीतरी टिपून घेतलं, आणि तेव्हा मला वाटलं, बाई पाककृती लिहून घेतेय.

परतताना गाडीत तिने आपण होऊन आजोबांची गोष्ट सांगितली. त्यांच्या डोंगरात आजोबांचा मेंढ्यांचा कळप होता. रुमानिया युरोपीय संघात गेला, बिल्ले आले. योआना तेव्हा नुकती नोकरीला लागली होती, आणि गावोगावी जाऊन नियम समजावून सांगायचं काम तिच्याकडे होतं. स्वतःच्या गावात तीच गेली. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, नातीला जेवू घातलं, आणि पंधरा दिवसांनी सगळ्या मेंढ्या विकून टाकल्या. नियमाबद्दल ते पुढे कधी एक अक्षर बोलले नाहीत.

“चूक नियमाची नव्हती,” ती म्हणाली. “रोगाची साथ आली तेव्हा त्याच नंबरांनी कितीतरी कळप वाचले. मी ते त्यांना नीट सांगितलं नाही. मी कागद वाचून दाखवला.”

खिडकीबाहेर तूर, मग ज्वारी, मग नुसता माळ.

मंगळवेढ्याच्या पुढे

तिसऱ्या दिवशी सकाळी माळावर पोचलो. एका शेतकऱ्याने खतासाठी आपल्या रानात विठाबाईंची मेंढरं बसवली होती. ही इथली जुनी रीत. मेंढरांनी दोन-चार रात्री रानात बसायचं, लेंड्यांचं खत टाकायचं, शेतकऱ्याने धनगराला धान्य द्यायचं. योआनाने विचारलं की करार लेखी आहे का. शेतकरी आणि बिरू एकमेकांकडे बघून हसले.

गाडीतून उतरताच माझ्या चपलेतून बाभळीचा काटा थेट टाचेत गेला. विठाबाईंशी माझी ओळख झाली ती अशी, की मी जमिनीवर बसलेली आणि त्या माझा पाय मांडीवर घेऊन गळ्यातल्या दोऱ्याला अडकवलेल्या पिनेने काटा काढताहेत. लहान चणीच्या, हात मात्र पुरुषासारखे. काटा निघाल्यावर त्यांनी तो मला दाखवला, मग दूर फेकला, आणि मगच विचारलं की पाहुणी बाई कोण आणि कुठली.

तपासणी सुरू झाली. योआनाकडे टॅब होता आणि त्यात प्रश्न. मेंढ्यांना सावली मिळते का. आजारी जनावर वेगळं ठेवता का. एखादी मेंढी एकटी पडू नये म्हणून काय करता. विठाबाई शांतपणे उत्तरं देत होत्या. मग त्यांनी मला विचारलं, “मानसासाटी बी हाय का वो असला कागद?” मी योआनाला सांगितलं. ती म्हणाली, आहे, पण तो भरायला कोणी येत नाही.

एकूण मेंढ्या किती, या प्रश्नाला अडलं. विठाबाई म्हणाल्या, “हायती की. देवाच्या दयेनं हायती.” योआनाने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. शेवटी बिरूने मला बाजूला घेऊन सांगितलं की मेंढरांच्या समोर मोठ्याने आकडा बोलायचा नसतो, दृष्ट लागते. मग आम्ही तिघं बांधापलीकडे बाभळीआड गेलो, तिथे बिरूने हलक्या आवाजात आकडा सांगितला आणि योआनाने तो तितक्याच हलक्या आवाजात परत म्हणून टॅबमध्ये घातला. इथवर सगळं ठीक होतं.

मग तिने बिल्ले बघायला सुरुवात केली. शिवानंदनी महिन्यापूर्वी बिल्ल्यांचं पाकीट आणि चिमटा पोचवला होता. समोर येईल त्या मेंढीच्या एका कानात पिवळा बिल्ला होता, दुसरा कान मोकळा. योआना एकेक नंबर टिपत गेली. सातव्या की आठव्या मेंढीला ती थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. एक मोठी काळी मेंढी आणि एक अर्धवट वाढलेलं कोकरू, दोघींचा नंबर एकच. तिने आणखी पाहिलं. सगळीकडे तेच. प्रत्येक नंबर दोन जनावरांच्या कानात.

शिवानंद पांढरेफटक पडले. ते माझ्याजवळ सरकले आणि घाईघाईने मराठीत म्हणाले की, मॅडम, असं सांगा, दोन्ही कानात होते, झुडपात अडकून एकेक पडला, पडलेले पोरांनी उचलून दुसऱ्यांना लावले. त्यांचे डोळे बघून मला राग आला नाही. त्यांची कीव आली, आणि माझी मला भीती वाटली, कारण क्षणभर मी ते वाक्य इंग्रजीत जुळवायला लागले होते.

योआनाने विचारलं की हे काय म्हणताहेत. मी म्हटलं, “ते घाबरले आहेत. खरं काय ते आपण विठाबाईंना विचारू.” शिवानंदनी मान खाली घातली. नंतर त्यांनी त्याबद्दल माझे आभारही मानले नाहीत आणि तक्रारही केली नाही.

विठाबाईंना आपलं काही चुकलं आहे हेच पटेना. पाकिटात एका नंबरचे दोन-दोन बिल्ले निघाले. पाकिटावरच्या चित्रात एकाच मेंढीच्या दोन्ही कानांत ते दाखवले होते, हे बिरूने वाचून सांगितलं होतं. पण विठाबाईंनी तो वेडेपणा समजून मोडीत काढला. एका जनावराला तोच नंबर दोनदा कशाला? एका कानाने ओळख पटत नाही का? जोडी आहे ती आईची आणि लेकीची असणार. म्हणून एक बिल्ला आईला, एक लेकीला. जिला लेक नव्हती तिच्या बहिणीला.

“ती तिची लेक न्हाय का?” त्या योआनाकडे बघून म्हणाल्या. “मग तिला येगळा नंबर कशाला? लेक काय परक्याची हाय?”

मी हे शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. योआना कळपात शिरली, मधूनच एक कोकरू धरलं आणि विचारलं, याची आई कोणती?

विठाबाईंनी बसल्या जागेवरून सांगितलं, “हिची आय मोरी, ती तितं बांदाला हाय. मोरीची आय भुंडी, ती गेली. भुंडीची आय मी माहेरावनं आनली हुती.”

योआनाने दुसरं धरलं, तिसरं धरलं. दर वेळी आई, आईची आई, काही वेळा तिचीही आई. बिरू प्रत्येक वेळी आईकडे बघून मान डोलवत होता. एकदाच तो म्हणाला, हिची आई तांबडी नव्हे, कानडी. विठाबाईंनी नीट पाहिलं आणि कबूल केलं.

पण नियम तो नियम. योआनाने मला खाली बसायला सांगितलं आणि ती स्वतः विठाबाईंच्या समोर मातीत बसली. या वेळी तिने कागद वाचला नाही. तिने साथीची गोष्ट सांगितली. एक मेंढी आजारी निघाली की तिचा नंबर बघून ती कुठे कुठे गेली, कुणाशेजारी बसली ते शोधतात आणि तेवढीच बाजूला काढतात. दोघींचा नंबर एक असला तर आजारी आई की लेक, हे लांबच्या माणसाला कळत नाही, आणि मग तो दोघींना मारतो.

“लांबच्या मानसाला कळत न्हाय, हे बराबर,” शेवटी विठाबाई म्हणाल्या. “आमाला कळतंय. पर तो लांब हाय, त्याला काय करनार.”

मग त्यांनी विचारलं की लेकीला वेगळा नंबर दिला, तर ती कुणाची हे कागदावर कुठे राहणार. योआनाने टॅब त्यांच्यापुढे धरला. प्रत्येक जनावराच्या नोंदीत एक रकाना होता, आईच्या नंबरचा. भरलाच पाहिजे असं नाही. ती म्हणाली की आमच्याकडे तो कोणी भरत नाही, वेळ नसतो. मी सांगितलं. विठाबाई उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, “मग आमी भरतो की.”

दुपारभर तेच चाललं. बिरू कोकरू धरायचा, योआना जुना बिल्ला कापून काढायची आणि पाकिटात उरलेल्या जोडीचे दोन बिल्ले दोन्ही कानांत बसवायची, विठाबाई कानाला हळद लावायच्या आणि आईचं नाव सांगायच्या, मी नंबर शोधून सांगायची. आयांच्या मोकळ्या कानांसाठी त्याच नंबरचे बिल्ले पुन्हा करून पाठवायचं शिवानंदनी कबूल केलं. ते स्वतः कोकरं घेराबाहेर जाऊ नयेत म्हणून हातात काठी घेऊन उभे होते, आणि एकदा मेंढीने त्यांना धुळीत बसवलंच. मधे भाकरी, पिठलं आणि कच्चा कांदा. योआनाने कांदा बुक्कीने फोडला, अगदी बरोबर. तिच्याकडेही तसाच फोडतात म्हणाली.

एक कोकरू राहिलं. पांढरं, एका डोळ्याभोवती काळं. त्याच्या कानात बिल्लाच नव्हता. त्याची आई तांबडीची बहीण, गेल्या दिवाळीच्या आधी लांडग्याने नेली. आई बिल्ले येण्यापूर्वीच गेली, म्हणून जोडी झाली नाही, म्हणून लेकीलाही काही लावलं नाही. योआनाने कोकराला नंबर दिला आणि आईचा रकाना मोकळा सोडून पुढे जायला बोट उचललं.

“हितं काय लिवलं?” विठाबाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, काही नाही, मोकळं ठेवलं.

“मोकळं म्हंजी? तिला आय न्हाय व्हय?”

मी समजावलं की तिथे नावाला जागा नाही, नुसता नंबर चालतो, आणि तिच्या आईला नंबरच नव्हता. त्या ऐकून घेत होत्या, पण कोकरू सोडत नव्हत्या. बिरू म्हणाला, जाऊ दे आय, येवढ्यानं काय हुतंय. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, एवढा दिवस सुरळीत गेला आणि आता कळप इथे अडतोय. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात त्यांच्यावर चिडले.

योआनाने पाकिटातून नवी जोडी काढली. तिचा नंबर टॅबमध्ये घातला, जनावराची स्थिती मृत, कारण लांडगा. मेलेल्या जनावराचीही नोंद ठेवता येते, ती म्हणाली, नियमात तशी सोय आहे. आणि मग कोकराच्या आईच्या रकान्यात तिने तोच नंबर भरला. विठाबाईंनी मला तो वाचून दाखवायला लावला, आणि मग कोकरू सोडलं.

रत्नागिरी

घरी येऊन तीन आठवडे झाले होते, ओठही बरे झाले होते, तेव्हा शिवानंदचा फोन आला. मंजुरी आली होती. विठाबाईंचा कळप पास, लोकर पुढच्या कातरणीपासून घ्यायची. बिरूने कामाला येत नसल्याचं त्यांना स्वतः येऊन सांगितलं होतं.

“पण एक आहे मॅडम,” ते म्हणाले. युरोपच्या मुख्य कार्यालयाने एका नोंदीवर शंका काढली होती: बिल्ले पोचण्यापूर्वीच मेलेल्या जनावराला नंबर का दिला? खुलासा करावा. योआनाने खुलासा केला होता, कार्यालयाने तो मान्यही केला होता, आणि त्याची प्रत शिवानंदना आली होती. फोन ते विठाबाईंच्या तळावरूनच करत होते. इंग्रजी नीट कळेना, म्हणून त्यांनी ती प्रत मला फोनवर पाठवली आणि वाचून मराठीत सांगायला सांगितलं. मग फोन विठाबाईंच्या कानाला लावला.

खुलासा एका ओळीचा होता. मी तो सांगितला: “तिची मुलगी कळपात आहे.”

पलीकडून मेंढरांची बें बें ऐकू आली.

“व्हय,” विठाबाई म्हणाल्या, “हाय की. ही काय, हितंच चरतीया.”